यादीतली नऊ अनोळखी नावं आणि भिंतीपलीकडची जाऊ

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेलं पत्र, थोडक्यात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

घरात वाचक भगिनी, त्यांचे पती आणि सासूबाई. मुलगा एरवी पुण्यात असतो, सध्या महिनाभर घरूनच कंपनीचं काम करतोय. वरच्या खोलीत पोलीस भरतीची तयारी करणारी दोन भाडेकरू मुलं. शेजारी, भिंतीला भिंत लागून, धाकटे दीर-जाऊ आणि त्यांची बारावीतली मुलगी. यंदा कानबाई, म्हणजे खान्देशात श्रावणात घरी बसवतात ती देवी, यांच्या घरी बसली होती, त्यामुळे सगळी भाऊबंदकी दोन दिवस इथेच होती. त्याच दिवसांत वायफाय रखडायला लागलं. सोमवारी विसर्जन झालं आणि त्या रात्री मुलानं राउटरचं पान उघडलं, तर यादीत १५ नावं. त्यातली सहा ओळखीची: चौघांचे फोन, मुलाचा लॅपटॉप आणि टीव्ही. उरलेल्या नऊंमध्ये चार ‘अननोन’, दोन नुसतीच ‘अँड्रॉइड’, एक ‘रेडमी’, एक ‘ईएसपी’ आणि पुढे काही अक्षरं, आणि एक ‘ओप्पो-ए५७’. पुतणीकडे ओप्पोचाच फोन आहे.

भगिनी लिहितात, “आम्ही पासवर्ड कुणालाच दिलेला नाही. छतावर सोलर बसवून विजेचं बिल वाचवलं, ते या मार्गानं जातंय. दोन वर्षांपूर्वी गल्लीत चोरी झाली तेव्हा कॅमेरे लावले, पण ही चोरी कॅमेऱ्यात कशी दिसणार?” जावेला त्या आडून बोलल्या, की घरातली वस्तू विचारून घ्यावी. जाऊ म्हणाली, “आम्हले काय कमी शे का?” तेव्हापासून पंधरा दिवस अबोला आहे. मुलगा म्हणतो, सगळ्यांना ब्लॉक करून टाकू. पती म्हणतात, सोडून दे. आता पोळा तोंडावर आलाय आणि खापरावरच्या पुरणपोळ्या दोघी जावा दरवर्षी मिळून करतात. नेट कोण चोरतंय ते शोधायचं कसं, आणि सापडल्यावर करायचं काय?

ताई,

चोर शोधायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. पण चोरी झालीय हेच अजून ठरायचं आहे. तुमच्या हातात १५ ओळींची एक यादी आहे आणि तिच्यात यंत्रांची नावं आहेत. यंत्राच्या नावावरून माणसापर्यंत पोचायला मधे बऱ्याच पायऱ्या असतात. त्या न चढताच तुम्ही थेट जावेच्या दारात पोचलात, असं मला वाटतं. म्हणून आधी त्या यादीकडेच नीट बघू.

यादी काढली ती वेळ पाहा. विसर्जनाची रात्र. घरात वायफायवर येणाऱ्या प्रत्येक फोनला राउटर एक तात्पुरता पत्ता देतो आणि ठरावीक मुदतीपर्यंत तो त्या फोनच्या नावावर राखून ठेवतो. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये ही मुदत २४ तासांची असते. फोनवाला निघून गेला तरी मुदत संपेपर्यंत नाव यादीत दिसत राहतं. लग्नानंतर आहेराची वही उघडली की सगळे पाहुणे तिच्यात सापडतात, मांडवात मात्र कुणी नसतं, तसंच हे. रविवारी रात्री तुमच्याकडे जागरण होतं. सोमवारी सकाळपर्यंत सगळी पोरंसोरं घरात होती. त्या रात्री काढलेल्या यादीत पाहुण्यांचे फोन दिसले नसते तरच मला नवल वाटलं असतं.

आता ती नऊ नावं घेऊ. ‘ईएसपी’नं सुरू होणारं नाव पाहून मुलाला कुणीतरी हॅकर शिरल्यासारखं वाटलं, असं तुम्ही लिहिलंय. ही अक्षरं बहुतेक वेळा एस्प्रेसिफ नावाच्या कंपनीच्या छोट्या वायफाय चिपची असतात. स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग, भिंतीवरचे वायफायचे स्विच आणि सोलरच्या इन्व्हर्टरला खाली लावलेला बोटाएवढा डोंगल, अशा वस्तूंमध्ये ही चिप सर्रास असते. तुमच्या छतावर सोलर आहे. आज किती युनिट वीज तयार झाली ते यजमान मोबाइलवर बघत असतील, तर तो आकडा तुमच्याच वायफायवरून जातो. हे नाव तुमच्याच छतावरचं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. खात्री करायची तर इन्व्हर्टरच्या डोंगलवर चिकटवलेला कागद बघा. त्यावर बारा अंक-अक्षरांचा एक क्रमांक असतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात, आणि राउटरच्या यादीत प्रत्येक नावासमोर तो दिलेला असतो. दोन्ही जुळले की एक नाव कमी झालं.

चार ‘अननोन’पैकी एक कॅमेऱ्यांचा डबा असणार, म्हणजे डीव्हीआर. मोबाइलवर कॅमेरे दिसतात म्हणजे तो नेटला जोडलेला आहेच. मग तो वायफायनं असो की वायरनं. बऱ्याच राउटरच्या यादीत वायरनं जोडलेली यंत्रंही येतात. फायबरसोबत सेट-टॉप बॉक्स आला असेल तर तो टीव्हीपेक्षा वेगळा मोजला जातो, म्हणजे दुसरं ‘अननोन’ तिथे गेलं.

दोन ‘अँड्रॉइड’ तर कदाचित तुमचेच फोन असतील. तुमचं वायफाय फोनमध्ये दोन नावांनी दिसतं का, एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ लावलेलं? तसं असेल तर नीट लक्षात घ्या: २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या २०२० मधल्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक ॲड्रेस लपवतात आणि प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट ॲड्रेस दाखवतात. बाजारात, स्टेशनवर कुणी आपला माग काढू नये म्हणून केलेली ही सोय आहे. पण तिच्यामुळे एकच फोन पुढच्या खोलीत एका नावानं आणि मागच्या खोलीत दुसऱ्या नावानं जोडला, तर राउटरच्या लेखी ते दोन फोन होतात. असा बनावट ॲड्रेस ओळखता येतो. त्यातलं दुसरं अक्षर २, ६ किंवा इंग्रजी ए, ई यांपैकी एक असतं. अशा ॲड्रेसवरून फोन कोणत्या कंपनीचा आहे ते शोधायला जाऊ नका, उत्तर चुकीचं येईल. खऱ्या ॲड्रेसचे पहिले सहा अंक मात्र कंपनीला नेमून दिलेले असतात, त्यावरून कंपनी कळते.

म्हणजे नऊंपैकी पाचांचा हिशेब घरातच लागण्यासारखा आहे. उरली चार: दोन ‘अननोन’, रेडमी आणि ओप्पो. समजा, तो ओप्पो पुतणीचाच होता. त्या दिवशी ती कुठे होती? तुम्हीच लिहिलंय की रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या कामाला ती सकाळपासून तुमच्याकडे होती. तुमच्या घरात, तुमच्या चुलीपाशी राबणाऱ्या मुलीच्या फोनला तुमचं वायफाय लागलं असेल, तर त्याला चोरी म्हणायला माझं मन धजत नाही. शिवाय ए५७ हे काही एकाच घरातलं मॉडेल नाही. तुमच्या भाऊबंदकीत आणखी कुणाकडे ते आहे का, हे कुणी तपासलंय?

आता ‘पासवर्ड कुणालाच दिलेला नाही’ या वाक्याकडे येते. तुम्ही ते मनापासून लिहिलंय, पण सोलर बसवायला आलेल्या माणसानं डोंगल जोडला तेव्हा पासवर्ड टाकला असणार. कॅमेरेवाल्यानं टाकला. फायबर जोडून देणाऱ्यानं तर तो ठरवूनच दिला. तो अजून बदलला नसेल तर राउटरच्या खालच्या कागदावर छापलेला आहे, आणि कानबाईच्या चौरंगासाठी टीव्हीचं टेबल सरकवलं तेव्हा राउटर कितीजणांच्या हातातून गेला ते तुम्हालाच ठाऊक. आणखी एक वाट आहे, ती फार कमी जणांना माहीत असते. ज्याच्या फोनला एकदा वायफाय लागलं, त्याला पासवर्ड पाठ नसला तरी फोनच्या सेटिंगमधून तो क्यूआर कोड दाखवू शकतो. समोरच्यानं स्कॅन केला की झालं. जागरणाच्या रात्री तुमच्या मुलानंच एका चुलत भावाला कोड दाखवला असेल आणि तिथून तो पुढे गेला असेल. त्याला शांतपणे विचारा. सासूबाईंनाही विचारा. त्यांचा फोन हातात घेऊन कुणी नातवंडानं कोड काढला असेल, तर त्यांना ते कळलंही नसेल.

जुन्या यादीवर मात्र आता वेळ घालवू नका. आजची यादी काढा, आणि मुलाला शेजारी बसवून ती स्वतः काढा, कारण तो पुण्याला गेल्यावर हे तुम्हालाच करायचं आहे. फोन घरच्या वायफायला जोडा, सेटिंगमध्ये त्या वायफायच्या नावावर बोट ठेवा आणि तपशील उघडा. तिथे ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ असं लिहून पुढे आकडे असतात. अनेक राउटरला १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या राउटरला सहसा १९२.१६८.२९.१. ते आकडे क्रोममध्ये वर, जिथे वेबसाइटचं नाव टाकतो तिथे टाका. राउटरचं पान उघडेल आणि नाव-पासवर्ड मागेल. हा पासवर्ड वायफायचा नाही, राउटरचा. तोही बहुधा खालच्या कागदावरच असतो. आत गेल्यावर ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’, ‘डीएचसीपी क्लायंट्स’, ‘वायरलेस क्लायंट्स’ यांपैकी काहीतरी सापडेल. ‘डीएचसीपी’ लिहिलेली यादी म्हणजे ती आहेराची वही. ‘वायरलेस’ लिहिलेली असेल तर तिच्यात या घडीला जोडलेले तेवढेच दिसतात. तुम्हाला ही दुसरी हवी.

मोबाइलवर फिंगसारखी ॲपं ही यादी सोप्या भाषेत दाखवतात. पहिल्या नजरेला ती ठीक आहेत, पण झोपलेले फोन त्यांच्यातून निसटतात. राउटरच्या पानावरचा माझा विश्वास जास्त.

रात्री अकराला, सगळे आपापल्या घरी असताना ती यादी बघा. मग घरातल्या एकेका फोनचं वायफाय बंद करा, पान पुन्हा उघडा आणि कोणतं नाव गेलं ते वहीत लिहा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि कॅमेऱ्यांचा डबा यांचंही तसंच करा. सगळं घरचं बंद झाल्यावर, ज्या फोनवर यादी बघताय तो आणि सोलरचा डोंगल सोडून, यादीत जे उरेल तेच खरोखर बाहेरचं. मला वाटतं एक-दोन नावं उरतील, कदाचित एकही नाही.

नेट रखडतंय हा प्रश्न मी वेगळा ठेवते, कारण त्याचं कारण यादीत आहे असं मला वाटत नाही. नुसता जोडलेला फोन नेट खात नाही, काही चालू असेल तरच खातो. एखादी मुलगी तासभर व्हिडिओवर लेक्चर बघते तेव्हा साधारण १ ते दीड जीबी जातं. फायबरच्या बऱ्याच प्लॅनना महिन्याची मर्यादा ३३०० जीबीची असते. तिनं रोज चार तास अभ्यास केला तरी तुमच्या बिलात एक रुपयाचा फरक पडणार नाही. म्हणजे ‘बिल या मार्गानं जातंय’ ही तुमची समजूत तरी मनातून काढून टाका.

मला संशय आहे तो टेबल हलवल्याचा. तुमच्याच पत्रात आहे की चौरंग मांडायला टीव्हीचं टेबल मधल्या खोलीत नेलं, ते अजून तिथेच आहे आणि राउटर आता लोखंडी कपाटामागे आहे. वायफायच्या लहरींना पत्रा आडवा आला की त्या अडतात. तुमच्या घराचा मागचा भाग जुना, धाब्याचा, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचा. अशा भिंतीतून ‘५जी’ नावाचं वायफाय फारसं पार जात नाही. साधं, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचं जातं, पण ते मुळात हळू, आणि त्यावर शेजारच्या सगळ्या राउटरची गर्दी. त्याच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच आहेत: १, ६ आणि ११. शिवाय फायबरची ती बारीक पिवळी किंवा काळी-पांढरी वायर टेबल सरकवताना कुठे दुमडली किंवा दाबली गेली का, तेही बघा. तिच्यातून उजेड जातो. काटकोनात मोडली की उजेड वाटेतच गळतो. पूर्ण तुटला तर डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल होतो, पण अर्धवट दुमडीत दिवा लाल होईलच असं नाही. नेट मात्र तुटक होतं.

राउटर परत पुढच्या खोलीत, छातीच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. मग राउटरजवळ उभं राहून आणि मागच्या खोलीतून स्पीड तपासा. जवळ चांगला आणि मागे वाईट असेल तर दोष भिंतींचा आहे. दोन्हीकडे वाईट असेल तर कंपनीत तक्रार करा. जावेचा संबंध दोन्ही वेळा येत नाही.

आता मुलाचा उपाय. अनोळखी नावं ब्लॉक करण्यात अर्थ नाही, कारण मघाशी सांगितलं तसा फोनचा ॲड्रेस बदलता येतो. ब्लॉक केलेला फोन नव्या ॲड्रेसनं पुन्हा आत येतो, आणि गोंधळात कधी तुमचाच सोलरचा डोंगल ब्लॉक होतो. कायद्याचा धाकही कुणी सुचवेल. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं हा २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा होऊ शकतो, आणि कलम ६६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. हा कायदा महत्त्वाचा आहे, पण सख्ख्या दिराच्या घरावर त्याची छाया पाडायची वेळ तुमच्यावर आलेली नाही. कृपा करून हा शब्दही काढू नका.

पासवर्ड बदला. कोण होतं, कोण नव्हतं, हे न शोधता सगळे एका क्षणात बाहेर जातात आणि तुम्ही ज्याला आत घ्याल तोच येतो. मला हा मार्ग सगळ्यात बरा वाटतो, कारण यात कुणालाही चोर म्हणावं लागत नाही. रविवारी सकाळी मुलाला मीटिंग नसताना करा. पासवर्ड निदान बारा-चौदा अक्षरांचा असू द्या. मोबाइल नंबर, आडनाव, मुलाची जन्मतारीख नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द रोमन लिपीत लिहून मधे एखादा आकडा घाला, जसं केळी, चिमटा, घाट, बंब. हेच शब्द मात्र घेऊ नका, ते आता छापले गेले. सुरक्षेच्या ठिकाणी ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए२/३’ निवडा. ‘डब्ल्यूपीएस’ नावाची, पासवर्ड न टाकता बटण किंवा पिननं वायफायला जोडायची सोय बंद करा. तिचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो हे २०११ मध्येच जगजाहीर झालंय. आणि राउटरच्या पानाचा पासवर्डही त्याच बैठकीत बदला. तो जुनाच राहिला तर आत आलेला कुणीही तुमचा नवा वायफाय पासवर्ड वाचू शकतो.

मग एकेक वस्तू जोडा आणि जोडेल तशी वहीत लिहा: वस्तू, यादीत दिसणारं नाव, मॅक ॲड्रेस. पुढे कधी शंका आली तर या वहीशी ताडून पाहा. कॅमेऱ्यांच्या डब्याचा स्वतःचा पासवर्ड बसवणाऱ्यानं ठेवलेलाच आहे का, तेही बघा आणि असेल तर बदला. वायफायवर आलेल्या परक्या माणसाकडून मला खरी भीती वाटते ती इथे. दोन जीबी नेट गेल्याचं काही नाही, पण अंगणातला, ओट्यावरचा कॅमेरा दुसऱ्याला दिसू लागला तर ते फार वाईट.

राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ अशी सोय असेल तर ती चालू करा आणि तिला सोपा, वेगळा पासवर्ड द्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकीबाळी येतील, पुढच्या कानबाईला भाऊबंदकी जमेल. त्यांनी पासवर्ड मागितला तर नाही म्हणायचं नाही आणि घरचा पासवर्डही द्यायचा नाही. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून तुमचा डीव्हीआर आणि मुलाचा लॅपटॉप सहसा दिसत नाहीत. सण झाला की ते बंद करा.

वरच्या मुलांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, की ‘त्यांच्यावरही डोळा आहे’. यादीत त्यांच्याविरुद्ध मला काहीच दिसत नाही. त्यांना खोली सोडायला सांगण्याचा विचार तर करूच नका. भरतीच्या तयारीत मुलांचं वर्ष वाया जातं. त्यांना नेट हवं असेल तर त्यांच्या नावानं वेगळं कनेक्शन घ्यायला सांगा, महिन्याला ४०० रुपयांच्या आसपास आणि वर कर, एवढ्यातही प्लॅन मिळतात, दोघांत वाटून जड जाणार नाही. माझा हा आग्रह तुमच्यासाठी आहे. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याकडे पोलीस आधी येतात. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले तेव्हा धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. तपास त्यांच्या दारात पोचला आणि त्यांना बरंच सोसावं लागलं. तुमच्या वरची मुलं गुणाची असतील, पण त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांची जबाबदारी तुम्ही का घ्यायची?

आणि जाऊ. ताई, तुम्हाला नक्की काय लागलंय ते स्वतःला विचारून बघा. नेट गेल्याचं, की न विचारता घेतल्याचं? पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की दोन्हीही नाही. ‘यंदा सगळं मीच केलं आणि कुणी धड विचारलंही नाही’ असं एक वाक्य तुम्ही मधेच लिहून पुढे गेलात. कानबाई घरी बसवायची म्हणजे काय असतं ते खान्देशातल्या बाईला सांगायला नको. गहू निवडण्या-दळण्यापासून विसर्जनापर्यंत तुम्ही एकटीनं ओढलं, आणि तो शीण यादीतल्या एका ओळीवर निघाला असेल. तसं असेल तर जावेशी त्याबद्दलच बोला. पुढच्या वर्षी कामं कशी वाटून घ्यायची, हे बोलता येण्यासारखं आहे. वायफायचा टोमणा मारल्यावर ते बोलणं सुरूच होणार नाही.

तिच्याकडे तुम्हीच जा, आणि पोळ्याच्या आधी जा. तुम्ही मोठ्या आहात म्हणून नव्हे, शब्द तुमच्याकडून गेलाय म्हणून. म्हणा, “त्या दिवशी मी वेडंवाकडं बोलले. नेटच्या यादीत नावं दिसली आणि नीट न बघताच मला वाटलं कुणीतरी घेतंय. ते चुकलंच.” यापेक्षा जास्त खुलासा नको. मॅक ॲड्रेस, २४ तास, यातलं तिला काही सांगायला बसू नका, सारवासारव वाटेल. तपासणीत पुतणीचा फोन खरंच निघाला, तरी हीच वाक्यं म्हणा आणि मग मुलीला बाजूला घेऊन विचारा, “अभ्यासाला नेट कमी पडतं का गं?” कमी पडत असेल तर बारावीच्या परीक्षेपर्यंत गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड तिला तिच्या आईसमोर द्या, आणि तिनं तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही हेही तिथेच सांगा. दिरांनी पैसे देऊ केले तर घ्या. घेतलेले बरे, म्हणजे तिला उपकाराखाली वावरावं लागत नाही.

अशीच पत्रं आणखी काहीजणींची आली आहेत, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. ही यादी घरातल्या माणसांवर नजर ठेवायला वापरू नका. सून रात्री किती वाजेपर्यंत नेटवर होती, मुलगी कॉलेजातून आल्या आल्या फोनला चिकटली का, असलं त्यातून काढायचा मोह होतो. मुळात फोन जोडलेला दिसला म्हणजे माणूस जागा होता असं नसतं. झोपलेल्या माणसाचा फोनही रात्रभर जोडलेला राहतो. कोण काय बघतंय हे तर या यादीत येतच नाही. आणि घरातल्या बाईला कळलं की सासू आपला फोन मोजतेय, तर ती मोबाइलचा डेटा वापरेल आणि तुमच्याशी बोलणं कमी करेल. दाराला कडी लावायची ती बाहेरच्यांसाठी. तेवढ्यापुरतीच ही यादी वापरा.

पासवर्ड बदलल्यावर पंधरा दिवसांनी एकदा यादी काढा आणि वहीशी ताडून पाहा. तरीही परकं नाव दिसलं तर घाबरू नका. आधी घरातल्यांपैकी कुणी कोड दाखवला का ते विचारा. नसेल तर राउटर रीसेट करून कंपनीच्या माणसाकडून सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या आणि पासवर्ड पुन्हा, या वेळी स्वतःच्या हातानं टाका. पैशांची फसवणूक झाली किंवा कॅमेऱ्यांशी कुणी छेडछाड केली असं दिसलं तरच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि रविवारी पासवर्ड बदलायच्या आधी सोलरवाल्याचा नंबर हाताशी ठेवा. त्याचा डोंगल नव्या पासवर्डला जोडेपर्यंत ॲपवर युनिट शून्य दिसतील. वीज मात्र तयार होत असतेच, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा.